नानासाहेबांनी सांगितलेली लाइन

कौशल्याबाईला कुणी टाकून बोललं तर ती दुसऱ्या दिवशी विसरायची. नळावर एखादीनं घागर पुढं सरकवली, तर तिथल्या तिथं चार शब्द ऐकवून मोकळी व्हायची. पण तिच्या पोरीच्या वाटेला कुणी गेलं, तर ते मात्र ती बरणीत लोणचं घालावं तसं मनात घालून ठेवायची आणि वरून घट्ट दादरा बांधायची. अख्ख्या काळेवाडीला तिचा हा गुण ठाऊक होता. ठाऊक नव्हता तो एकट्या नानासाहेबांना, आणि ते तर तिचे सख्खे चुलत दीर.

दत्तोबा आणि कौशल्याबाई माण तालुक्यातून पिंपरीला आले ते बासष्ट साली. कडेवर वासंती. दत्तोबा कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या खात्यात, लागला. पवनेच्या एका अंगाला कंपनी, दुसऱ्या अंगाला काळेवाडीतली पत्र्याची खोली. वर्षाच्या आत मागोमाग दत्तोबाचा चुलतभाऊ नाना आला. नाना बी.कॉम. झालेला. घराण्यातला पहिलाच, त्यामुळं त्याला खाटेवर झोपवायचं आणि आपण खाली, असा दत्तोबाचा शिरस्ता. कौशल्याबाईच्या हातच्या भाकरी खाऊन नानानं नोकरी शोधली, कंपनीच्या ऑफिसात हिशेबाला लागला, लग्न केलं, वेगळं बिऱ्हाड मांडलं. पुढं कंपनीनं कॉम्प्युटर आणला, तेव्हा चार माणसं मुंबईला शिकायला पाठवली, त्यात हाही होता. गेला तेव्हा नाना होता, आला तो नानासाहेब होऊन. बोलणंही बदललं. ‘व्हय’ गेलं आणि ‘अगदी बरोबर’ आलं. मुलीचं नाव तर त्यानं आधीच सुमेधा ठेवून दिलं होतं. गावाकडच्या म्हाताऱ्या तिला शेवटपर्यंत सुमीच म्हणत राहिल्या.

खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा असायची आणि त्या दिवशी कामगारांच्या बायकापोरांना आत सोडायचे. प्रेसला झेंडूचा हार, लेथला झेंडूचा हार, क्रेनच्या आकड्याला नारळ. बाया आपापल्या नवऱ्याचं मशीन बघायच्या आणि इतका दणका हा दिवसभर ऐकतो, म्हणून घरी बोललेलं ऐकत नाही, असं एकमेकींना सांगायच्या. वासंती मॅट्रिकला होती त्या वर्षीची गोष्ट. ती एका काचेच्या खोलीपुढं जी थांबली ती हलेचना. आत गारेगार. कपाटाएवढी यंत्रं. एकाच्या तोंडात भोकं टोचलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांचा गठ्ठा घातला की ते भराभरा गिळायचं आणि दुसरीकडून कागदाची लांबच लांब पट्टी छापून बाहेर पडायची.

“काका, याला काय करायचं ते सांगतं कोण?” तिनं नानासाहेबांना विचारलं.

“प्रोग्रामर.”

“म्हणजे?”

“म्हणजे त्याच्या भाषेत त्याला हुकूम लिहून देणारा माणूस. तुला नाही कळायचं.”

घरी आल्यावर वासंतीनं आईला समजावलं, “आई, ते यंत्र म्हणजे अशी सून बघ. सांगितलं तेवढंच करणार. दूध तापत ठेव म्हटलं आणि उतू जायच्या आत उतर म्हटलं नाही, तर स्टो विझेपर्यंत बघत उभी राहणार.”

“मग सांगनारणीनं नीट सांगाया पायजे,” कौशल्याबाई म्हणाली.

“तेच काम मला करायचंय.”

मॅट्रिकचा निकाल लागला. वासंतीला गणितात असे गुण पडले की हेडमास्तरांनी घरी निरोप पाठवला. आता पुढं काय? त्या काळी आमच्या इकडं शिक्षणाला शिक्षण कुणी म्हणत नसे, ‘लाइन’ म्हणत. कुठली लाइन घेतली? आर्ट्सची, सायन्सची, आयटीआयची. एकदा चुकीच्या गाडीत बसलं की मधे उतरता येत नाही, असंच सगळे समजून चालायचे. आणि लाइन विचारायची ती घराण्यातल्या शिकल्यासवरल्या माणसाला. म्हणून तिघंजण पेढ्यांचा पुडा घेऊन नानासाहेबांकडं गेले.

नानासाहेबांनी पेढा खाल्ला, बोटं पुसली आणि डोळे मिटून विचार केला.

“आर्ट्स,” ते म्हणाले.

“पण काका, मला गणित…”

“अगं, गणित यंत्र करतं. माणसानं कशाला करायचं? कॉम्प्युटर म्हणजे शेवटी काय, टाइपरायटरच. तू आर्ट्सला जा, इंग्रजी चांगलं कर, बरोबरीनं टायपिंगची परीक्षा दे. सायन्समध्ये पोरी नापास होतात, मग ना इकडची ना तिकडची. मी आतला माणूस आहे, वहिनी. बाहेरच्यांचं ऐकू नका.”

आतला माणूस! दत्तोबानं वाकून नमस्कार केला. आणि वासंती गेली आर्ट्सला.

दोन वर्षं गेली. पोरगी इतिहास पाठ करायची, टायपिंगच्या क्लासला जाऊन बोटं बडवायची आणि रात्रीच्या जेवणानंतर शेजारच्या पोरांची गणितं फुकट सोडवून द्यायची. कौशल्याबाईच्या काळजात काही तरी कुरतडायचं, पण आतल्या माणसानं सांगितलेलं. ती गप्प बसली.

मग नानासाहेबांनी संत तुकाराम नगरमध्ये ब्लॉक घेतला. वास्तुशांतीला स्वयंपाकाला कोण? कौशल्यावहिनी. सकाळपासून ती पुऱ्या तळत बसली होती. स्वयंपाकघराला लागून बाल्कनी, तिथं नानासाहेब आपले ऑफिसातले मित्र सुरेंद्रराव यांच्याबरोबर सुपारी कातरत उभे. मधे नुसता पडदा.

“तुमची ती पुतणी हुशार आहे म्हणे,” सुरेंद्रराव म्हणाले. “गणितवाल्या पोरी हव्यात आपल्याला. प्रोग्रामर म्हणून घेतील वरचे लोक.”

“आहे ना हुशार,” नानासाहेब हसले. “म्हणून तर आर्ट्सकडं वळवली. उद्या प्रेस शॉपच्या माणसाची पोरगी माझ्या खोलीत येऊन मलाच शिकवायची. आता फार तर कार्डं टोचायला बसेल माझ्या हाताखाली. बसू दे की!”

कढईतली पुरी फुगून वर आली. कौशल्याबाईनं ती निथळली, टोपलीत ठेवली आणि दुसरी सोडली. एकही पुरी करपली नाही. सगळी पंगत उठेपर्यंत ती तळत राहिली, आग्रह करकरून वाढत राहिली, आणि निघताना जाऊबाईंनी, म्हणजे यशोदाबाईंनी, ओटी भरली तीसुद्धा हसून घेतली.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. वासंती भिंतीला टेकून रडायला लागली. दत्तोबा तडक उठला. “आत्ता इचारतो त्याला.”

“बसा खाली,” कौशल्याबाई म्हणाली. “इचारायचं न्हाई. आपल्याला कळलंय हे त्याला कळूच द्यायचं न्हाई. आन् वसू, तू रडायचं थांब. सायन्सला नाव कवा घालता येतं ते बघ.”

“आई, दोन वर्षं गेली माझी! आता परत पहिल्यापासून? सगळ्या माझ्याहून लहान असतील वर्गात.”

“लहान पोरीत बसलीस म्हून तू लहान व्हत न्हाईस. पयल्यापासनं तर पयल्यापासनं. त्या नानाच्या छाताडावर नाचायचं तर पाय तरी भक्कम पायजेत.”

वासंतीनं पहिल्यापासून सुरुवात केली. नानासाहेबांना कळलं तेव्हा ते घाईघाईनं आले. मधेच लाइन बदलली? का? कौशल्याबाईनं कपाळाला हात लावला. “काय सांगावं भावजी, पोरीचं खूळ. तुमचं ऐकंना झालीया.” नानासाहेबांच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याची जी छटा उमटली, ती कौशल्याबाईनं तेवढी टिपून घेतली आणि बरणीत टाकली.

पुढची वर्षं पुण्याला जाण्यायेण्यात, स्टोच्या उजेडात नव्हे पण स्टोच्या आवाजात अभ्यास करण्यात गेली. वासंती गणित घेऊन बी.एस्सी. झाली. भोसरीच्या एका कंपनीनं परीक्षा घेतली आणि तिला शिकाऊ प्रोग्रामर म्हणून घेतलं. भाषा तिथं शिकवली. पहिल्या पगाराच्या पेढ्यांचा पुडा कौशल्याबाई स्वतः नानासाहेबांकडं घेऊन गेली. “तुमचाच आशीर्वाद, भावजी.” नानासाहेबांना पेढा गिळायला पाणी लागलं.

एवढ्यावर एखादीचं समाधान झालं असतं. कौशल्याबाईचं झालं नाही. पोरगी पोचली ती पोरीच्या हिमतीवर. त्यात नानाचं काय गेलं? माझ्या पोरीची दोन वर्षं गेली ती गेलीच.

ऐंशी साल उलटलं. नानासाहेबांच्या कंपनीत नवं यंत्र आलं. कार्डं गेली, पडदे आले. नवी पोरं आली, ती जेवणाच्या सुट्टीतही नव्या यंत्राच्याच भाषेत बोलायची. नानासाहेब मान डोलवायचे, पण त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आणि नेमकी तेव्हाच सुमेधा बारावी सायन्सला चांगली पास झाली. तिलाही हेच करायचं होतं. ती लहानपणापासून वासंतीच्या मागंमागं असायची. रविवारी काळेवाडीला यायची, दोघी गणितं सोडवायच्या आणि कौशल्याबाईच्या हातची थालीपीठं खायच्या.

आता हिला कुठली लाइन द्यायची? ऑफिसात विचारावं, तर नानासाहेबांना एवढंही ठाऊक नाही हे उघडं पडणार. मग उरलं कोण? एका रविवारी ते सुमेधाला घेऊन काळेवाडीत आले. पायात बूट, अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातात केळी. इतक्या वर्षांत कधी केळं आणलं नव्हतं.

कौशल्याबाईनं शिरा केला. तूप असं की ताटलीतून निथळावं.

“काय वासंती,” नानासाहेबांनी सुरुवात केली, “सहज विचारतो. आमच्या सुमेधाला तुझ्याच क्षेत्रात यायचंय. मला माहिती आहेच, पण तुझं मत काय?”

वासंती मनानं सरळ. ती म्हणाली, “काका, कॉम्प्युटरची म्हणून डिग्री शोधत बसू नका. यंत्र दर चार वर्षांनी बदलतं, त्याची भाषा बदलते. गणित बदलत नाही. सुमेधाला बी.एस्सी.ला घाला. मुख्य विषय गणित, जोडीला स्टॅटिस्टिक्स. भाषा काय, कंपनी शिकवते, नाही तर मी शिकवीन. तिचं डोकं माझ्याहून चांगलं आहे.”

सुमेधाचा चेहरा फुलला. दोघी आतल्या खोलीत पुस्तकं काढायला गेल्या. नानासाहेब उठले, उंबऱ्यापाशी बसून बुटाची नाडी बांधू लागले. कौशल्याबाई जवळ जाऊन उभी राहिली. तोंडभर हसली.

“भावजी, काय बी काळजी करू नगा. तुमी आमच्या वसूला जशी लाइन सांगितली व्हती ना, अगदी त्याच मनानं तिनं सुमीला सांगितली हाय.”

नानासाहेबांचे हात नाडीवरच थांबले. त्यांनी वर बघितलं.

“शिरा बांधून देऊ का घरी न्याया?” कौशल्याबाईनं विचारलं.

“नको, नको. पोट भरलं,” ते म्हणाले आणि एका बुटाची नाडी तशीच सोडून निघाले.

झालं. त्यांच्या डोक्यात चक्र सुरू झालं. म्हणजे यांना कळलेलं आहे! म्हणजे ही सात वर्षं दात धरून बसली होती! म्हणजे गणित हाच सापळा. पोरगी गणितात नापास व्हावी, आणि यांनी टाळ्या पिटाव्यात. भाऊबंद तो भाऊबंद! आठ दिवसांत त्यांनी सुमेधाला कॉमर्सला घातलं. कंपनीचं सगळं शेवटी हिशेबावर चालतं, मी कसा वर आलो, असं तिला सुनावलं. पोरगी दोन दिवस जेवली नाही. यशोदाबाईंनी हळदीकुंकवाला आल्यावर कौशल्याबाईला हे डोळे पुसत सांगितलं. कौशल्याबाईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्या गेल्यावर तिनं पुरण घातलं.

“आज काय सण हाय?” दत्तोबानं पहिल्या घासाला विचारलं.

“सण कशाला पायजे? खावा गुमान.”

वासंतीला वाटलं, काकांचा हट्ट, दुसरं काय. तिला खरं कळलं ते वर्ष संपत आल्यावर. पिंपरीच्या बसथांब्यावर सुमेधा भेटली. हातात जाडजूड हिशेबशास्त्राचं पुस्तक, आणि तोंड फिरवून उभी.

“काय गं, येत नाहीस ती?”

“कशाला येऊ? तू मला फसवणार होतीस, वसूताई. बाबा म्हणाले, काकूनं स्वतः सांगितलंय.”

वासंती घरी आली ती चप्पल न काढताच आत शिरली. “आई, तू काकांना काय बोललीस?”

कौशल्याबाईनं लपवलं नाही. जसंच्या तसं सांगितलं, हसून. “मी खोटं काय बोलली सांग? मनानं म्हनली. तुझं मन सरळ, त्याला वाकडं वाटलं. ते ज्येचं त्येला ठावं.”

“त्या पोरीनं काय केलं होतं?”

“माझ्या पोरीनं काय केलं व्हतं?”

दत्तोबा भाकरीचा तुकडा हातात धरून तसाच बसला.

वासंती संत तुकाराम नगरला गेली. काकांना पुन्हा सगळं समजावून सांगितलं, हात जोडले. पण जितकं ती कळवळून सांगायची, तितका नानासाहेबांचा संशय पक्का व्हायचा. एवढी का मागं लागलीय ही? शेवटी त्यांनी दारच लावून घेतलं. परत येऊन वासंती आईला म्हणाली, “आता तूच जा. तू लावलंस, तूच काढ. माफी माग त्यांची.”

“माफी? नानाची? माझं मढं गेलं तरी न्हाई.”

वासंती आईशी बोलेना. पण एक केलं तिनं. सुमेधाला गाठून, झालेलं सगळं तिला सांगितलं. वडलांनी काय केलं होतं तेही आणि आई काय बोलली तेही. सुमेधानं ऐकून घेतलं, आणि पुढच्या रविवारी वडलांना न सांगता गणितं घेऊन काळेवाडीला आली. पहिल्यासारख्या दोघी बसल्या. कौशल्याबाईनं थालीपीठ लावलं, लोण्याचा गोळा ठेवला, ताटली पुढं सरकवली.

“नको, काकू.”

“का गं? भूक न्हाई?”

“भूक आहे,” सुमेधा म्हणाली. वहीतून मान वर केली नाही. “पण तुमच्या हातचं नको.”

बारकी असताना ही पोरगी ताप आला की कौशल्याबाईच्याच हातची पेज प्यायची, आईच्या हातची ओकून टाकायची. कौशल्याबाईनं ताटली उचलली आणि आत गेली. थालीपीठ लोण्यासकट गार झालं. ती चुलीपुढं बसून राहिली. नानाचा राग जागचा हलला नव्हता, तसाच होता, ताजा. पण नानावर फेकलेला दगड भलत्याच्याच कपाळावर बसला होता, आणि ते कपाळ तिनं तेल लावून चोळलेलं होतं.

आता करायचं काय? खरं सांगावं तर नाना खोटं समजणार. माफी मागावी तर आणखी काही डाव आहे म्हणणार. तिनं बराच वेळ विचार केला. मग एकदम उठली, नवं लुगडं नेसली आणि कुणाला न सांगता संत तुकाराम नगरला गेली.

नानासाहेब पेपर वाचत होते. तिला बघून पेपर हळूच खाली आला.

“भावजी,” कौशल्याबाई खुर्चीवर ऐसपैस बसली, “म्या मुद्दाम आली. म्हनलं, तोंडावर सांगावं. तुमी सुमीला कॉमर्सला घातलं, लई झ्याक केलं बगा.”

नानासाहेब सावध झाले. “असं म्हणता?”

“व्हय तर! आमची वसू येडी. तिचं काय ऐकता? गनितात काय ठिवलंय? मी रोज द्येवाला हात जोडती, म्हनती, देवा, आमच्या सुमीची लाइन आता बदलू देऊ नगं. तुमी आजाबात बदलू नगा हां भावजी. तुमाला माझी शपत. कुनी काय बी सांगू द्या, तिला कॉमर्सलाच राहू द्या. माझ्या जिवाला किती बरं वाटतंया म्हनून सांगू!”

आणि ती अशी गोड हसली, की नानासाहेबांच्या कपाळावर घाम आला. आत यशोदाबाई चहा टाकत होत्या, त्यांना ती म्हणाली, “चा ऱ्हाऊ द्या जाऊबाई, पोट भरलंय माझं.” आणि निघून आली.

नानासाहेबांनी तो आठवडा कसा काढला ते यशोदाबाईंनाच ठाऊक. घरातल्या घरात फेऱ्या घालायचे, स्वतःशी बोलायचे. हिला बरं वाटतंय? हिला कॉमर्स बरी वाटतेय? म्हणजे गेल्या साली मला बुटाची नाडी बांधताना बोलली, ते मी बरोबर कॉमर्सकडंच जावं म्हणून! किती पाताळयंत्री बाई! शेवटी एका सकाळी त्यांनी सुमेधाला हाक मारली आणि म्हणाले, “जूनमध्ये नाव काढ तिथलं. गणित घे. स्टॅटिस्टिक्स घे. त्या काळेवाडीवाल्यांना मी चांगलाच ओळखून आहे.”

सुमेधा धावतच सांगायला आली. सांगता सांगता तिला हसू आवरेना, वासंतीलाही आवरेना. दत्तोबाला दोनदा समजावून सांगावं लागलं, आणि कळल्यावर तो असा हसला की त्याला ठसका लागला. कौशल्याबाई एकटी हसली नाही. ती सुमेधाकडं बघत होती.

“वरीस गेलं तुझं,” ती म्हणाली.

“गेलं, काकू.”

“माझ्यापायी गेलं.”

सुमेधा नाही, असं काही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, “भूक लागलीय.”

कौशल्याबाई उठून पीठ मळायला बसली. वासंती तिच्या शेजारी येऊन बसली. कितीतरी दिवसांनी ती आईशी आपणहून बोलली. “झालं ना आता समाधान? संपलं ना सगळं?”

“पोरीचं संपलं,” कौशल्याबाई परातीतून मान वर न करता म्हणाली. “नानाचं न्हाई.”